येसण, बुलाक, सेप्टम

जालन्याच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या पोरीने सेप्टम, म्हणजे नाकाचा मधला पडदा, टोचून घेतला की पहिला टोमणा ठरलेला असतो: "काय गं, येसण घातली का?" मराठवाड्यात वेसणीची येसण होते, आणि पोराचं लग्न ठरलं तरी हाच शब्द कामाला येतो. सळईच्या एका कारखान्यात तपासणी विभागात बसणाऱ्या मुलीला चहाच्या टपरीवर एका मामांनी असंच विचारलं. ती काही बोलली नाही. घोड्याच्या नालेसारखी ती बारीक कडी तिने दोन बोटांत धरली, वर फिरवून नाकपुड्यांत दडवली आणि गेटाकडे निघाली. आत लोंबतं काही चालत नाही. मामा चिडवायला बोलले, पण बोलले ते अक्षरशः खरं आहे, असं माझं म्हणणं.

नाकाच्या मधल्या पडद्यात चिमूट घालून पाहा. आत कुरकुरं हाड लागतं, म्हणजे कूर्चा. शेंड्याकडे येताना ती संपते, आणि खालच्या मांसल दांडीच्या अगदी वर एक पातळ, मऊ पट्टी उरते. टोचणारा सुई घालतो ती तिथे. चांगला कारागीर कूर्चेला हात लावत नाही, कारण तिथे दुखतंही फार आणि जखम बरी व्हायला त्रासही फार. आता गोऱ्ह्याकडे या. औताला धरायच्या आधी त्याचं नाक टोचतात, तेव्हा जाणता माणूस दोन नाकपुड्यांत अंगठा नि बोट घालून हेच चाचपतो: हाड कुठे संपतं, मऊ कुठे लागतं. दाभण त्या मऊ जागेतून पार होतं आणि मागोमाग दोरी. जागा तीच, चाचपणी तीच. नथ हे सगळं नाकपुडीवरचं काम, या कुळातलं नव्हे. सेप्टमची आई नथ नाही. सेप्टमची आई येसण आहे.

मधले टप्पे सगळ्यांना ठाऊक आहेत. पेशवाईत मोत्यांची नथ डाव्या नाकपुडीवर मिरवली. १९७८ मध्ये लॉस एंजेलिसजवळ 'गाँटलेट' नावाचं टोचण्याचं दुकान निघालं आणि तिथली लाट फिरत फिरत आपल्या मॉलांत आली. एवढं पुरे.

खरी भांडणाची जागा याच्या अलीकडे आहे, आणि ती जालन्यापासून लांब नाही. वेरूळला जा, अजिंठ्याला जा. कानांत, गळ्यात, कमरेला, दंडाला दागिने नुसते ओसंडतायत. नाक मात्र कोरं. एकाही यक्षीच्या, एकाही राणीच्या नाकात काही नाही. यावरून अ. स. आळतेकरांनी १९३८ च्या स्त्रीजीवनावरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात निकाल दिला, की नाकातला दागिना मुळात आपला नव्हेच, तो मुसलमानांबरोबर आला. भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी संस्कृत पोथ्या चाळून नथीचा माग काढला, तोही साधारण हजार वर्षांपलीकडे जात नाही. दोघेही जबर अभ्यासू. पण दोघांनीही शोधला तो दागिना. भोक कुणी शोधलंच नाही.

भोकाचा पुरावा गोठ्यात आहे. वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराशी वाद घालताना म्हणते, की माणूस विधात्याच्या हातात नाक ओवलेल्या बैलासारखा असतो. अमरकोशात अशा बैलाला 'नस्तित' असा स्वतंत्र शब्दच आहे. म्हणजे अजिंठ्याचे चितारी रंग घोटत होते तेव्हा खाली वाघूरच्या खोऱ्यातल्या बैलांची नाकं टोचलेली होती. तंत्र होतं, हत्यार होतं, कुठे टोचावं याची जाण होती. नव्हता तो फक्त दागिना.

शब्दाकडे आलो की गंमत वाढते. 'नथ' हा शब्द नाकवाचक 'नस्त' पासून आला, हे बहुतेकांना मान्य. हिंदीत 'नाथना' म्हणजे बैलाच्या नाकात दोरी ओवणं. काशीला कृष्णाने कालिया नाथल्याचा उत्सव होतो, त्याचं नाव 'नाग नथैया'. म्हणजे बाईची नथ आणि बैलाची नाथ सख्ख्या बहिणी. अरबीत पाहावं तर 'खिजाम' म्हणजे उंटाच्या नाकातली कडी, आणि बाईच्या नाकातलीही! दोन वेगळी कुळं, एकमेकांशी नातं नाही, आणि दोघांनीही जनावराचं नाव दागिन्याला दिलं.

आणि 'बुलाक'? मधल्या पडद्यातून ओठावर लोंबणारा, खरा सेप्टमचा दागिना तो. तेलुगूत बुलाकी, तमिळमध्ये पुल्लाक्कु. भरतनाट्यम् करणाऱ्या मुली अजून तो लावतात. कोशकार त्याला तुर्की म्हणतात, आणि आळतेकरांच्या बाजूचा माणूस इथे टाळी मागतो: शब्द परका, म्हणून चाल परकी. मी टाळी देत नाही. 'बटाटा' शब्द परका आणि बटाटाही परका, हे बरोबर. पण 'दुकान' शब्द फारसी, म्हणून त्याआधी आपण विकत-घेत नव्हतो असं कुणी म्हणेल का? शिवाय तुर्कांकडेही बघा: नाकाला 'बुरुन', उंटाच्या नाकदोरीला 'बुरुंदुक'. त्यांच्याही घरी जनावर आधी. माझा तर्क असा, की दागिना घोड्यावरून आला आणि त्याला बसायला भोक इथे तयार होतं.

इथे विरोधक बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवतो. तंत्र एवढं जुनं, तर माणसाने ते हजारभर वर्षं स्वतःवर का वापरलं नाही? माझं उत्तर: लाज. मधला पडदा टोचलेला म्हणजे कुणाच्या तरी दावणीचा. जी खूण बैलावर आहे ती अंगावर कोण घेईल? सोनं-मोती लावून, दरबारी माणसांच्या बायकांच्या नाकात ती खूण दिसली, तेव्हा कुठे लाज गेली.

याला आधार हवा तर नावांत आहे. उत्तरेत बुलाकी, बुलाखीदास. आपल्याकडे नथू, नथोबा. मुलं जगत नसली की पुढच्या मुलाचं नाक टोचायचं, अशी चाल होती. दगडू, धोंडू, केरू, उकिर्डा ही त्याच भीतीतून आलेली नावं. सर्वसाधारण खुलासा असा, की मृत्यूला फसवायला मुलाला मुलगी भासवायचं. नथूपुरतं ते खरं असेल. बुलाकीपुरतं मला वाटतं, हा पोर आधीच कुणाच्या तरी दावणीला बांधलेला आहे, याला नेता येणार नाही, असं यमाला सांगायचं होतं. येसण घातलेलं जनावर रस्त्यात दिसलं तर कुणी बेवारस म्हणून हाकत नाही.

मग हे टोचायचं कुणी? 'सोनारानेच कान टोचावेत' असं आपण म्हणतो, पण सोनाराचा हात पाळीवर आणि नाकपुडीवर बसलेला, तोही मऊ तारेचा. पडद्याला पोकळ, निर्जंतुक, एकदाच वापरायची सुई लागते, सोळा किंवा चौदा गेजची, म्हणजे सव्वा ते दीड मिलिमीटरच्या आसपास. टोचायची बंदूक तर नाहीच. डोळ्यांतून पाणी येतं ते रडू नव्हे, नाक चेमटलं की येतंच. पडदा मुळात वाकडा असेल तर कडी तिरपी बसते. हे आधी पाहून घ्यावं.

पुढची निगा मात्र गोठ्यातून उचलू नये. बैलाच्या नाकाला हळद-तेल लावतात, घरातली आजी तेच सुचवते. लेप भोकाच्या तोंडावर वाळतो आणि आतला स्राव कोंडतो. ०.९ टक्क्यांचं निर्जंतुक मिठाचं पाणी दिवसातून दोनदा, खपली भिजवून अलगद काढायची, कडी गोल गोल फिरवायची नाही. मिलमध्ये भंगार वितळून बिलेट होतं, बिलेटची सळई. त्या शेडमधली काळी भुकटी नाकातच बसते. म्हणून पाळी सुटल्यावर आधी हात, मग नाक. ती नाल वर-खाली करायची कसरतही पहिले काही आठवडे नको. गेटावर अडवत असतील तर टोचायचा मुहूर्त सुट्टी पाहून धरावा. जखम वरवर दीड-दोन महिन्यांत भरते, पुरती भरायला कुणाकुणाला सहा महिने लागतात. पडद्यात रक्त साकळून दोन्ही नाकपुड्या बंद वाटल्या, किंवा सूज-ठणका वाढून ताप आला, तर थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे. उशीर झाला तर कूर्चा जाते आणि नाक बसतं.

जालना पोलादाचं गाव, तेव्हा 'आपल्याच पोलादाची कडी करू' अशी चेष्टा होते. सळईचं पोलाद गंजतं. 'सर्जिकल स्टील' म्हणून जे विकतात, त्या ३१६ एल मध्येही दहा ते चौदा टक्के निकेल असतं. ज्याला निकेल सोसत नाही त्याने हाडात बसवतात त्या दर्जाचं टायटॅनियमच घ्यावं.

एक गोष्ट मात्र गोठ्याकडून खुशाल घ्यावी. पोळ्याला बैलाची येसण बदलतात, तेव्हा पुष्कळ ठिकाणी जुनी दोरी आधी ओढून काढत नाहीत. तिच्या टोकाला नवी जोडतात आणि एका दमात सरकवतात. भोक क्षणभरही रिकामं राहत नाही. टोचणारेही पहिली कडी बदलताना निमुळती सळी जुन्या कडीला टेकवून तिच्या मागून नवी आत सरकवतात. ज्याने सुई घातली त्याच्याकडूनच हे करून घ्यावं, कारण ताजं भोक काही तासांतच आवळायला लागतं.