पहिल्या प्रेमाची शिक्षा : समलिंगी किशोरांच्या कादंबऱ्यांचा बदलता शेवट

१/ पहिले प्रेम हा किशोरवयीनांसाठी लिहिलेल्या कादंबरीचा हक्काचा विषय. मात्र ते प्रेम दोन मुलांचे वा दोन मुलींचे असले, की इंग्रजीतील अशा कादंबऱ्यांत बराच काळ कुणाचा तरी जीव जात असे. तो शेवट कसा बदलला, त्याचा हा इतिहास.

२/ १९६९ साली न्यूयॉर्कमधील स्टोनवॉल या मद्यालयावरील पोलिसी छाप्याला तेथील समलिंगींनी प्रतिकार केला. त्याच वर्षी हार्पर अँड रो या प्रकाशनसंस्थेने जॉन डोनोव्हन यांची 'आय विल गेट देअर. इट बेटर बी वर्थ द ट्रिप' ही कादंबरी छापली. किशोरांसाठीच्या अमेरिकन कादंबरीत समलिंगी ओढीचा उघड उल्लेख येथूनच सुरू झाला, असे सामान्यतः मानले जाते.

३/ नायक डेव्ही १३ वर्षांचा. आजीच्या निधनानंतर तो आपला लाडका कुत्रा फ्रेड याला घेऊन व्यसनाधीन आईकडे राहायला येतो. शाळासोबती आल्टश्युलर याच्याशी त्याची जवळीक वाढते. दोघे एकमेकांचे चुंबन घेतात. पुढे फ्रेड मोटारीखाली सापडून मरतो, आणि ही आपल्याच कृत्याची शिक्षा, असे डेव्ही मनाशी धरून बसतो.

४/ हा प्रकार एकट्या डोनोव्हन यांचा नव्हता. सँड्रा स्कोपेटोनी यांच्या १९७४ च्या 'ट्रायिंग हार्ड टू हिअर यू' मध्ये जेफ आणि फिल यांचे प्रेम उघड होताच मित्रमंडळी त्यांचा छळ मांडतात. आपण 'तसे' नाही हे सिद्ध करायला फिल एका मुलीबरोबर बाहेर पडतो आणि मोटार अपघातात मरतो. ब्रिटनमध्ये एडन चेंबर्स यांच्या 'डान्स ऑन माय ग्रेव्ह' (१९८२) मध्येही प्रियकराचा अंत मोटारसायकलच्या अपघातात होतो.

५/ अशा शेवटामुळे विषय मांडता येई आणि त्याला संमती दिल्याचा ठपकाही टळे. पण चोरून पुस्तक वाचणाऱ्या मुलाच्या पदरी एकच बोध पडे : या वाटेला गेलास, तर कुणाचा तरी बळी जाईल.

६/ १९८२ सालीच नॅन्सी गार्डन यांची 'ॲनी ऑन माय माइंड' आली. लायझा आणि ॲनी या दोन मुली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात भेटतात आणि प्रेमात पडतात. शाळेत चौकशी होते, ताटातूट होते. तरीही दोघी जगतात, आणि अखेरीस लायझा दूरध्वनी करून ॲनीशी पुन्हा नाते जोडते.

७/ या सुखान्ताची किंमत पुस्तकाला मोजावी लागली. १९९३ मध्ये कॅन्ससमधील शाळांना त्याच्या प्रती भेट मिळाल्यावर कॅन्सस सिटीत पुस्तक जाळण्यात आले. ओलेथा येथील शाळांच्या ग्रंथालयांतून ते काढले गेले. विद्यार्थी आणि पालक न्यायालयात गेले. १९९५ मध्ये संघराज्य न्यायालयाने ही कारवाई घटनाबाह्य ठरवली आणि पुस्तक ग्रंथालयांत परतले.

८/ २००३ मध्ये डेव्हिड लेव्हिथन यांच्या 'बॉय मीट्स बॉय' ने असे गाव कल्पिले, जेथे पॉलचे नोआवर प्रेम आहे याचे कुणालाच नवल वाटत नाही. बेकी अल्बर्टाली यांच्या २०१५ च्या कादंबरीवरून 'लव्ह, सायमन' (२०१८) हा हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओचा चित्रपट निघाला. सायमनला निनावी ई-पत्रांतला मित्र शेवटी भेटतो, आणि कुणीही मरत नाही.

९/ मराठीत सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. ती किशोरांसाठी लिहिलेली नाही, तरी तनय आणि त्याची बहीण अनुजा एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात, ही तिची कथा पहिल्या प्रेमाचीच आहे. दोघांच्याही वाट्याला विरह येतो. भावाचे दुःख बहिणीच्या दुःखाइतकेच साधे आणि खरे मानले गेले, हे तिचे मोल. भारतात प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर पडायला त्यानंतर १२ वर्षे, म्हणजे ६ सप्टेंबर २०१८ चा दिवस उजाडावा लागला.

१०/ प्रेमभंग सगळ्यांच्याच वाट्याला येतो. तो शिक्षा न वाटता नुसता प्रेमभंग वाटावा, एवढ्यासाठी या कादंबऱ्यांना इतकी वर्षे लागली.