पोस्टातली बुटकी खिडकी

आमच्या आयटीत दोन प्रोजेक्टांमधल्या रिकाम्या काळाला 'बेंच' म्हणतात. काम नसतं, पगार चालू असतो. जत्रेतल्या कलाकाराचा बेंच मात्र बिनपगारी. अमेरिकेतल्या अशा कलाकारांनी या काळासाठी एक गावच आपलंसं केलं: फ्लोरिडात, टँपाच्या दक्षिणेला, अलाफिया नदीकाठचं गिबसनटन.

सर्कशीच्या मोठ्या तंबूशेजारी वेगळं तिकीट लावून छोटे तंबू उभे राहत. तो 'साइडशो'. तिथे तलवार गिळणारे असत, आग खाणारे असत, आणि जन्मतःच वेगळं शरीर लाभलेली माणसंही असत. पी. टी. बार्नमने 1841 मध्ये न्यूयॉर्कमधलं म्युझियम हाती घेतलं आणि अशा प्रदर्शनाचा मोठा धंदा केला. पुढे कलाकार उन्हाळाभर गावोगाव फिरत, स्वतःची फोटोकार्डं विकून वरकमाई करत. थंडी पडली की खेळ बंद.

मग राहायचं कुठे? अल टोमेनी आणि जीनी या जोडप्याने 1940च्या दशकात गिबसनटन निवडलं. जाहिरातीत अलची उंची 8 फूट 4 इंच असे. जीनीला जन्मतः पाय नव्हते, तिची उंची अडीच फूट. दोघांनी नदीकाठी मासेमारीला येणाऱ्यांसाठी 'जायंट्स कॅम्प' चालवला. अल गावच्या अग्निशमन दलाचा प्रमुखही झाला. हळूहळू इतर कलाकारही तिथे आले. पोस्टात बुटक्या माणसांसाठी कमी उंचीची खिडकी होती. घराच्या अंगणात आकाशपाळणा किंवा हत्ती ठेवायला नियमांनी मुभा दिली.

आता तुमच्या मनात येईल ते माझ्याही आलं: हे शोषणच ना? फ्लोरिडाच्या कायदेमंडळालाही तसंच वाटलं होतं. व्यंग असलेल्या माणसांचं पैशासाठी प्रदर्शन करायला 1921 च्या कायद्याने बंदी होती. त्याविरुद्ध कोर्टात गेलेल्यांत 'सीलो' आणि 'पूबा' या नावांनी खेळ करणारे दोन कलाकार होते. हेच आमचं पोट आहे, असं त्यांचं म्हणणं. 1972 मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला.

याने बार्नम निर्दोष ठरत नाही. कित्येकांना लहानपणी, त्यांना न विचारता तंबूत उभं केलं गेलं. पण सज्ञान माणसाला 'हे काम करू नकोस' सांगणाऱ्या कायद्याने दुसरं काम दिलं नव्हतं. त्यांची दया आली म्हणून बंदी घालणं सोपं होतं. त्यांना शेजारी म्हणून वागवायचं तर सुताराला बोलावून खिडकी खाली घ्यावी लागते, आणि आग लागली की अलला हाक मारावी लागते.

साइडशो आता जवळपास संपले. गिबसनटनमध्ये जत्रांच्या धंद्याचं संग्रहालय आहे. कधी टँपाला गेलात, तर तिकडे वळा.