‘शुगर’ शब्दाचें कूळ

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांतील अंकुशनगर हें गांव साखर कारखान्याचें म्हणून ओळखलें जातें. कारखान्याच्या नांवांत ‘साखर’ हा शब्द आहे. आणि त्याच गांवचा एखादा रोगी डॉक्टरांना सांगतो तें मात्र ‘मला शुगर आहे’ असें. पहिला शब्द स्वकीय व दुसरा परकीय, असें आपण सहज म्हणून जातों. इतिहास मात्र दोघांना भावंडें ठरवितो.

संस्कृतांत ‘शर्करा’ म्हणजे मूळचे खडे, वाळू. उसाच्या रसाचे आटून झालेले कणही तसेच दिसतात, म्हणून त्यांना तेंच नांव मिळालें. वैद्यकांत मूत्राबरोबर पडणाऱ्या बारीक खड्यांनाही शर्कराच म्हटलें आहे. प्राकृतांतील ‘सक्करा’वरून आपली साखर झाली. हाच शब्द इराणांत ‘शकर’, अरबांकडे ‘सुक्कर’ झाला. अरबांनीं सिसिली व स्पेन येथें ऊस नेला, तेव्हां पदार्थाबरोबर नांवही युरोपांत रुजलें. इंग्रजी ‘शुगर’ हें त्याचेंच रूप. ग्रीकांनीं तर त्यापूर्वींच तो ‘साक्खारोन’ म्हणून उचलला होता. १८७९ सालीं सांपडलेल्या सॅकरीनचें नांव त्याच घराण्यांतलें, जरी त्यांत साखरेचा कणही नाहीं! गुळाला इंग्रज ‘जॅगरी’ म्हणतात, तीही पोर्तुगीजांच्या हातून गेलेली शर्कराच.

‘कँडी’ची गंमत निराळी. मिठाईची कँडी आपल्या ‘खंड’ शब्दावरून फारसी-अरबी वाटेनें गेली. जुन्या व्यापारी हिशेबांतील वजनाची कँडी म्हणजे मात्र आपली वीस मणांची खंडी.

मग भाषाशुद्धीचे कैवारी ‘शुगर’ला हांकलून द्या म्हणतील, तर त्यांनीं ‘कारखाना’ या फारसी शब्दाचें काय करावें? शब्दाचें कूळ पाहून त्याचा निवाडा होत नाहीं. तो कोणतें काम करतो हें पाहावें लागतें. या कसोटीवर ‘शुगर’ कमी पडतो. ‘मधुमेह’ हा शब्द रोगाचें लक्षणच सांगतो. ‘शुगर’ म्हणणाऱ्या रोग्याला, आपल्या रक्तांत वाढलें आहे तें साखरेचेंच भावंड आहे, हें कळेलच असें नाहीं. परदेशांतून परतलेल्या आप्ताला घरांत घ्यावें, परंतु त्याची ओळख सर्वांना करून द्यावी, एवढेंच म्हणणें आहे.