गाडीच्या रंगाला वॅक्स लावायचं की सीलंट? ऊन, धूळ आणि बोअरच्या पाण्यात काय टिकतं, कसं लावायचं

नवी गाडी घ्यायला शोरूममध्ये गेलं की हार, पेढे आणि फोटोच्या गडबडीत बिलावर एक ओळ वाढते. कुठे तिला 'टेफ्लॉन कोटिंग' म्हणतात, कुठे 'पेंट प्रोटेक्शन'. 'एकदा करून घ्या, रंग कायम नवा राहील,' असं सांगितलं जातं आणि काही हजार रुपये जातात. पुढे एक ऊस हंगाम आणि एक उन्हाळा गेला की बॉनेट शेजारच्या कोटिंग न केलेल्या गाडीसारखंच दिसायला लागतं. मग मालक म्हणतो फसवलं, आणि दिवाळीला गॅरेजवर नेऊन 'रबिंग' मारून आणतो. पहिल्यात फक्त पैसे गेलेले असतात, दुसऱ्यात खरा रंग जातो.

करमाळा, माढा, पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला या पट्ट्यातली बहुतेक चारचाकी उघड्यावर उभी असते. पत्र्याचं शेड असलं तरी त्यात आधी ट्रॅक्टर असतो. शहरातल्या बंद पार्किंगचा विचार करून पुड्यावर छापलेले 'सहा महिने, एक वर्ष' हे आकडे इथे तसेच लागू पडत नाहीत.

रंगावर काय असतं?

कंपनीतून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक थर असतो. या वरच्या थराला क्लिअर कोट म्हणतात. सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्यात क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे गाडीची सगळी चमक केसाहून पातळ थरावर आहे. उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारं द्रव्यही याच थरात असतं. तो गेला की खालचा रंग फिका पडतो, मग पापुद्रे सुटतात. जुन्या गाड्यांच्या टपावर पांढरे चट्टे दिसतात ते हेच.

वॅक्स किंवा सीलंट हा त्याच्यावरचा अगदी नाममात्र थर. तो झिजण्यासाठीच लावायचा असतो. पक्ष्याची विष्ठा, क्षार, ऊन यांचा पहिला मार त्यानं खायचा, संपायचं आणि मालकानं पुन्हा लावायचं. दगड उडून पडलेला टवका किंवा काटेरी बाभळीचा ओरखडा यानं अडत नाही. तसं कुणी सांगत असेल तर ऐकून सोडून द्यावं.

इकडच्या गाड्यांना नडतं काय?

पहिली धूळ. पण धूळ नुसती बसली तर काही बिघडत नाही, ती कोरडी पुसली की बिघडतं. रोज सकाळी ड्रायव्हर कोरडा फडका किंवा जुना बनियन घेऊन बॉनेटवर गोल गोल हात फिरवतो, तेव्हा तो बारीक पॉलिश पेपर फिरवत असतो. उन्हात तिरकं पाहिलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात, त्या या पुसण्याच्या. ऊस हंगामात कारखान्याच्या धुराड्यातून येणारी बगॅसची राख याहून वाईट, कारण तिच्यात सिलिका, म्हणजे वाळूचाच घटक, भरपूर असतो. कारखान्याजवळच्या गावात सकाळी गाडीवर काळे कण दिसले तर हात न लावता आधी पाण्याची धार सोडायची. पाणी नसेल तर तशीच चालवायची. धुळकट गाडी दिसते वाईट, पण रंगाला काही होत नाही.

दुसरं बोअरचं पाणी. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि बादलीला आतून पांढरी कड चढते, तेच पाणी गाडीवर उन्हात वाळलं की कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार गोल डाग होऊन बसतात. ताजे असतील तर निम्मं पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरच्या ओल्या फडक्यानं निघतात, नंतर साध्या पाण्यानं धुवायचं. दोन-तीन महिने उन्हात भाजले की डाग क्लिअर कोटमध्ये उतरतात आणि पॉलिशशिवाय जात नाहीत. त्यामुळे बोअरच्या पाण्यानं धुतलेली गाडी लगेच पुसून कोरडी करणं हे वॅक्सइतकंच महत्त्वाचं. टाकीत पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर शेवटची बादली त्याची घ्यावी.

तिसरं झाडाची सावली. लिंबाखाली, चिंचेखाली गाडी लावली की ऊन वाचतं, पण पक्ष्यांची विष्ठा पडते. तिच्यात युरिक आम्ल असतं. तापलेला रंग किंचित मऊ होतो आणि थंड होताना त्या डागाभोवती आवळतो, म्हणून दोन दिवसांनी पुसलं तरी ठसा राहतो. नखानं खरवडू नये. पाण्यानं भिजवलेलं फडकं पाच-दहा मिनिटं त्यावर ठेवायचं आणि अलगद उचलायचं. आंब्याला मोहोर असताना त्याखाली गाडी लावली तर सगळी काच चिकट होते. तो झाडाचा चीक नसतो. मोहोरावरचे तुडतुडे जो गोड चिकटा सोडतात, तो असतो. कोमट पाण्यानं निघतो, मात्र त्यावर बसलेली धूळ घासली की पुन्हा तेच ओरखडे.

आणि दसरा. गाडी धुवायची, ती ओली असतानाच बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, हार घालायचा आणि चार दिवस तसंच फिरायचं, ही सगळीकडची रीत. हळदीचा डाग उन्हानं बराच उडतो. कुंकवात रासायनिक रंग असेल तर पांढऱ्या गाडीवर गुलाबी छटा राहते. केमच्या कुंकवाचं गाव याच जिल्ह्यात असताना कुणी कुंकू लावू नका म्हणणार नाही. आदल्या दिवशी वॅक्स करावं, पूजा कोरड्या गाडीची करावी, शक्य असेल तर स्वस्तिक काचेवर काढावं आणि बॉनेटवरचं कुंकू त्याच संध्याकाळी धुवावं, एवढं पुरतं.

वॅक्स, सीलंट, टेफ्लॉन, सिरॅमिक

डबीतलं पेस्ट वॅक्स बहुतेक वेळा कार्नोबा मेणाचं असतं. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून हे मेण मिळतं. ते ८२ ते ८६ अंशांना वितळतं, म्हणून मेणांमध्ये कडक समजलं जातं. बुटाच्या पॉलिशमध्येही तेच वापरतात. पण बाजारातल्या डबीत ते एकटं नसतं, मऊ मेणं आणि सॉल्व्हंट मिसळलेले असतात. मे महिन्यात काळं बॉनेट हात ठेववत नाही इतकं तापतं, तिथे हे मिश्रण महिना-दीड महिन्याहून जास्त धरत नाही. चमक मात्र छान, खोल येते, विशेषतः लाल, काळ्या आणि गडद निळ्या रंगावर.

सीलंट हे कृत्रिम पॉलिमर. पातळ लोशनसारखं किंवा स्प्रेमध्ये मिळतं. चमक जराशी काचेसारखी, थोडी कोरडी. पण उन्हाला आणि धुण्याला वॅक्सपेक्षा बरंच टिकतं. उघड्यावरच्या गाडीला चांगलं सीलंट तीन-चार महिने काम देतं. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवर वॅक्सची खोली तशीही दिसत नाही, आणि इकडे निम्म्याहून जास्त गाड्या पांढऱ्याच दिसतात. त्यामुळे उघड्यावर राहणाऱ्या गाडीला सीलंटच घ्यावं. वॅक्स लग्नाला, पूजेला, हौसेला.

दोन्ही लावायचे असतील तर आधी सीलंट, ते मुरल्यावर वॅक्स. उलटं केलं तर मेणावर सीलंट पकडत नाही आणि पैसे वाया जातात.

टेफ्लॉनचं बघू. तव्यावरचं टेफ्लॉन, म्हणजे पीटीएफई, सुमारे ३२७ अंशांना वितळतं आणि तव्याला ते भट्टीत भाजून बसवतात. रंगवलेली गाडी त्या भट्टीत घालता येत नाही. त्यामुळे 'टेफ्लॉन कोटिंग' म्हणून मशिननं जे घासून लावतात, ते व्यवहारात एक सीलंटच असतं. काम वाईट नसतं, पण त्याला सीलंटइतकंच आयुष्य आणि सीलंटइतकीच किंमत द्यावी. विकत घेण्याआधी बाटलीचं नाव विचारावं आणि तेच बाहेर केवढ्याला मिळतं ते पाहावं.

सिरॅमिक कोटिंग खरोखर वेगळं आहे. त्यात सिलिकाचा थर रंगाला चिकटून कडक होतो आणि काळजी घेतली तर वर्ष-दोन वर्षं किंवा जास्त टिकतो. पण लावण्याआधी रंग पूर्ण दुरुस्त करावा लागतो, बंद जागा लागते आणि रक्कम मोठी असते. जाहिरातीतली '९एच कडकपणा' ही पेन्सिलीच्या टोकानं मोजायची पट्टी आहे, हिऱ्या-माणकांची नाही. रोज मातीच्या रस्त्यावर धावणाऱ्या आणि कोरड्या फडक्यानं पुसल्या जाणाऱ्या गाडीला ते करणं म्हणजे रेशमी फेटा बांधून नांगर धरणं.

लावायचं कसं?

सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, सावलीत. पत्र्याला हाताचा तळवा लावून बघायचा, गार लागला पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर लावलं की ते लगेच वाळतं, डाग पडतात आणि निघता निघत नाही. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं.

आधी धुणं. नुसत्या पाण्याच्या धारेनं माती काढायची, मग कार शाम्पू. कपडे धुण्याची पावडर नको, तिच्यातला क्षार आधीचं वॅक्स काढून टाकतो. दोन बादल्या ठेवायच्या, एक शाम्पूची आणि एक फडकं पिळायची. वरून खाली धुवायचं, दाराखालचा चिखल शेवटी. वॉशिंग सेंटरला धुणार असाल तर स्वतःचं मायक्रोफायबरचं कापड न्यावं. तिथला फडका आधी जेसीबीवर फिरलेला असू शकतो.

गाडी ओली असतानाच एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बॉनेटवर बोटं फिरवावीत. हाताला न कळणारी खरखर पिशवीतून लगेच कळते. खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे खास मातीसारखी वडी, शाम्पूच्या पाण्यात भिजवून हलक्या हातानं फिरवायची. वडी खाली पडली तर टाकून द्यायची, मोह करायचा नाही. मग पुन्हा धुऊन पूर्ण कोरडं करायचं.

आता वॅक्स किंवा सीलंट. फोमच्या गादीवर थोडंसंच घ्यायचं. एका वेळी एकच भाग, आधी अर्धं बॉनेट, मग दार. जाड थर म्हणजे जास्त संरक्षण, असं नाही. रंगाला जेवढं धरतं तेवढंच राहतं, बाकी पुसण्यात जातं. पेस्ट वॅक्स पाच-दहा मिनिटांत धुरकट होतं, सीलंटला बाटलीवर लिहिलेला वेळ द्यावा. बोट ओढून बघायचं. खाली स्वच्छ चमक दिसली तर पुसायला झालं, चिकट ओढ राहिली तर थांबायचं. पुसताना दोन कापडं, एक काढायला आणि दुसरं शेवटचा हात द्यायला. सीलंटनंतर १२ ते २४ तास गाडीला पाणी लागू देऊ नये. दुसरा हात द्यायचा तर दुसऱ्या दिवशी.

काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, बंपरची खरबरीत कड आणि पुढची काच सोडायची. प्लॅस्टिकवर वॅक्सचे पांढरे डाग बसतात, काचेवर वायपर थडथडतो. मॅट रंगाच्या गाडीला साधं वॅक्स किंवा पॉलिश कधीच लावू नये, मध्येच चमकदार चट्टे उठतात.

टिकलंय की नाही ते पाणी सांगतं. पाण्याचे गोल थेंब उभे राहिले तर थर आहे. पाणी सपाट पसरून रेंगाळायला लागलं की पुन्हा लावायची वेळ.

रबिंग, डेंटिंग आणि डिझेलचा हात

गॅरेजमध्ये वॅक्स, पॉलिश, रबिंग हे शब्द एकाच अर्थानं वापरतात, तिथेच नुकसान होतं. वॅक्स थर चढवतं. पॉलिश आणि रबिंग कंपाउंड थर कापतात. ओरखडे जातात ते त्याभोवतीचा क्लिअर कोट घासून खाली आणल्यामुळे. दहा वर्षांत एक-दोनदा ठीक, दर दिवाळीला केलं तर बॉनेटच्या कडा आणि दाराच्या उठावाच्या रेषा आधी उघड्या पडतात. गॅरेजवाल्याला 'चमकवून द्या' असं सांगू नये. 'रबिंग नको, धुऊन फक्त वॅक्स' असं स्पष्ट सांगावं.

अपघातानंतर दार किंवा बंपर नव्यानं रंगवलं असेल तर त्या भागाला किमान महिनाभर काही लावू नये. कंपनीत रंग साधारण १४० अंशांना भाजलेला असतो, म्हणून नव्या गाडीला पहिल्या आठवड्यात वॅक्स चालतं. गॅरेजचा रंग तेवढा भाजता येत नाही. त्यातलं सॉल्व्हंट हळूहळू बाहेर पडत असतं आणि वरून थर बसला तर ते अडकतं.

डिझेल किंवा रॉकेलचा हात मारून गाडी चमकवण्याची जुनी सवय काळी-पिवळी जीपच्या काळापासूनची. चमक येते ती तेलाची. त्यावर तासाभरात धूळ चिकटते, आधीचं वॅक्स निघून जातं आणि दाराच्या रबराच्या पट्ट्या फुगतात. वडाप करणाऱ्या गाड्यांच्या दारांतून पावसाळ्यात पाणी येतं, त्याला हेही एक कारण असतं.

ट्रॅक्टरला मात्र वॅक्स जरूर लावावं. अनेक ट्रॅक्टरच्या आणि जुन्या पिकअपच्या रंगावर वेगळा क्लिअर कोट नसतो, त्यामुळे लाल रंग उन्हानं गुलाबी पडतो. पुसताना फडक्याला रंग लागला तर घाबरू नये, अशा रंगाचं ते लक्षणच आहे. हलकं पॉलिश एकदा, मग वर्षातून तीन-चार वेळा साधं पेस्ट वॅक्स. फवारणीनंतर बॉनेट आणि मडगार्ड त्याच दिवशी पाण्यानं धुवावं, औषध आणि विद्राव्य खताचे शिंतोडे रात्रभर राहिले तर रंगाबरोबर पत्राही धरतात.