शिवराई : तांब्यावरचे पाठभेद

वडूजसारख्या तालुक्याच्या गावी ‘पाठभेद’ ही संकल्पना शिकवताना जुनी हस्तलिखिते हाताशी नसतात. शिवराई मात्र असते. या भागातल्या एखाद्या घरच्या देव्हाऱ्यात ती अजूनही सापडते आणि ‘महाराजांच्या वेळची’ म्हणून पुजली जाते.

६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला आणि सोन्याचा होन व तांब्याची शिवराई पाडली गेली. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. दख्खनच्या सुलतानी नाण्यांवर अरबी-फार्सी मजकूर असे. तिथे ही नागरी अक्षरे म्हणजे राज्याची घोषणाच होती. पण ती घोषणा कारागिरागणिक बदलत गेली. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे ‘सीव’. कुठे ‘छत्रपति’, कुठे ‘छत्रपती’. शिवाय ठशापेक्षा तांब्याची चकती लहान, त्यामुळे कडेची अक्षरे बाहेरच राहत. म्हणून संग्राहक दहा नाणी शेजारी मांडतो आणि एकीवरचे गळलेले अक्षर दुसरीवरून वाचतो. पाठचिकित्सा याहून वेगळी काय असते?

हा छंद केवळ आपलाच नव्हे. अमेरिकेच्या टांकसाळीने १७९३ साली पाडलेल्या काही पहिल्या सेंटवर देशाचे नाव ‘अमेरि.’ इतकेच उमटले. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये त्या तांब्याच्या सेंटचे ठशांनुसार वर्गीकरण करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या अपुऱ्या शब्दाला आज मोठी किंमत येते.

आपल्याकडे अडचण निराळी आहे. शिवछत्रपतींच्या पश्चातही त्यांच्याच नावाने शिवराई पडत राहिली. पेशवाईत पडली, इंग्रजी अमलातही काही काळ चालली. ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असलेली ‘दुदांडी’ ही उत्तरकालीन. देव्हाऱ्यातली बरीच नाणी याच जातीची निघतात. हे सांगितले की घरच्यांचा चेहरा उतरतो. वास्तविक दीडशे वर्षे एका राजाचे नाव बाजारात पैशाच्या रूपाने खेळत राहिले, ही गोष्ट लहान आहे काय?

चिंता वाटते ती वेगळीच. पुष्कळ शिवराया मोडीत गेल्या, त्यांची भांडी झाली. उरलेल्या सणासुदीला चिंचेने घासल्या जातात. प्रत्येक घासण्यासरशी एखादी वेलांटी झिजते, आणि तीच कदाचित त्या ठशाची अखेरची साक्ष असते. पोथीला आपण ओला हात लावत नाही. तांब्याच्या या पोथीलाही तेवढा मान द्यावा.