मुमास आणि स्पर्शिका

भिवपुरीचे टाटांचे वीजघर १९२२ मध्ये सुरू झाले. घाटावरच्या ठोकरवाडी धरणाचे पाणी मोठ्या नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली येते आणि पेल्टन चक्राच्या वाट्यांवर आदळते. ही धार चक्राच्या मध्याकडे जात नाही. कडेला स्पर्श करते. भूमितीत अशा रेषेला स्पर्शिका म्हणतात. उर्दू शाळेत आम्ही तिला 'मुमास' म्हणतो.

दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, स्पर्श करणारी. तेराव्या शतकात नसीरुद्दीन तूसींनी युक्लिडची भूमिती अरबीत नव्याने मांडली. अठराव्या शतकात सवाई जयसिंगांच्या आश्रयाने जगन्नाथ सम्राटांनी तूसींच्या त्याच ग्रंथावरून संस्कृत 'रेखागणित' रचले. विद्या अशी भाषा ओलांडत आली. त्याआधी १६३७ मध्ये फ्रान्सच्या देकार्तने भूमितीला बीजगणिताची जोड दिली आणि रेषेला समीकरण मिळाले.

आरंभबिंदूवर केंद्र आणि ५ त्रिज्या असलेले वर्तुळ घ्या. (३, ४) या बिंदूकडे जाणाऱ्या त्रिज्येचा चढ ४/३. स्पर्शिका तिच्याशी काटकोन करते, म्हणून तिचा चढ −३/४. समीकरण झाले ३क्ष + ४य = २५. य शून्य धरला की क्ष २५/३ येतो, क्ष शून्य धरला की य २५/४. अक्षांवरचे हेच दोन आंतरछेद.

दहावीनंतर माध्यम बदलले की आमची मुले 'स्पर्शिका' ऐकून बावरतात. गणितच परके वाटू लागते. काही जण तिथेच शिक्षण सोडतात. म्हणून मी फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहितो.