स्निग्धांश आणि पुरःस्थ ग्रंथी : एका शंकेचा इतिहास

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात शिक्षकांपुढे बोलत होतो. व्याख्यान संपल्यावर एक गुरुजी जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघालाय. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यानं झाला असंल का हो?" त्यांच्या प्रश्नात कुतूहलापेक्षा अपराधीपणा अधिक होता. दर रविवारी घरी मटण आणणारे तेच होते! मी लगेच 'होय' किंवा 'नाही' म्हणालो नाही. त्याचे कारण या प्रश्नाच्या इतिहासात आहे.

पुरःस्थ ग्रंथी, म्हणजेच प्रोस्टेट, ही पुरुषाच्या मूत्राशयाखाली असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी. १९४१ साली शिकागोत चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरन्स हॉजेस यांनी दाखवून दिले, की वृषणांतून येणारी पुरुषी संप्रेरके थांबवली, तर या ग्रंथीचा पसरलेला कर्करोगही बराच मागे हटतो. शरीरातील रासायनिक परिस्थिती बदलली की गाठीची वाढही बदलते, हा त्यातला मोठा धडा. या कार्यासाठी हगिन्स यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शिकागोतच १९४२ मध्ये अल्बर्ट टॅनेनबॉम यांनी उंदरांना भरपूर स्निग्धांश असलेला आहार दिला. त्यांच्यात त्वचेच्या व स्तनांच्या गाठी वाढल्या. काही इतर गाठींवर मात्र परिणाम दिसला नाही. आहाराबद्दलची शंका रुजली ती अशी.

उंदरांवरून माणसांकडे यायचे, तर आधी रुग्णांची मोजदाद हवी. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्येच सुरू झाले. तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये मुखाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पण रुग्णालयात येतात तेवढेच रुग्ण तेथे मोजले जातात. गावात किती, ते कळत नाही. १९६३ मध्ये डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत भारतातील पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली.

अशा आकड्यांच्या आधारे १९७५ मध्ये ब्रूस आर्मस्ट्राँग व रिचर्ड डॉल यांनी अनेक देशांची तुलना केली. जेथे माणशी स्निग्धांश जास्त खाल्ला जातो, तेथे या कर्करोगाचे मृत्यूही जास्त आढळले. पण सावधान! अशा देशांत माणसे दीर्घायुषी असतात, मोटारीही जास्त असतात. दोन गोष्टी जोडीने वाढल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. अमेरिकेतील भारतीयांमध्ये हा कर्करोग मायदेशापेक्षा जास्त आढळतो, हे खरे. त्यात आहाराचा वाटा असू शकेल. पण पीएसए या रक्तचाचणीमुळे तेथे लपलेले रोगही सापडतात, हे विसरून चालणार नाही.

मग एकेका व्यक्तीचा आहार नोंदवून वर्षानुवर्षे पाठपुरावा सुरू झाला. १९९३ मध्ये अमेरिकेतील सुमारे ४८ हजार पुरुषांच्या पाहणीत प्राणिज चरबीचा, विशेषतः लाल मांसातील चरबीचा, संबंध दिसला. तोही मुख्यतः पुढच्या अवस्थेतील रोगाशी. २००८ मध्ये युरोपातील सुमारे १ लाख ४२ हजार पुरुषांच्या पाहणीत असा संबंध आढळला नाही.

येथे प्रश्नाचे दोन भाग पडतात. रोग सुरू कशामुळे होतो? आणि सुरू झालेला रोग बळावतो कशामुळे? दुसऱ्या प्रश्नावर अलीकडे अधिक प्रकाश पडला आहे. २०१८ व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत चरबीयुक्त आहाराने आधीच बिघडलेल्या पेशींना बळ दिले. पेशींची वाढ चालवणाऱ्या 'मिक' या जनुकाचा कार्यक्रम त्यामुळे अधिक जोरात चालला. २०२४ मध्ये शंभर रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष आले. आहारात ओमेगा-६ कमी व ओमेगा-३ जास्त, जोडीला माशाचे तेल, असे वर्षभर दिल्यावर गाठीतील पेशी-विभाजनाची खूण मंदावली. मात्र त्यामुळे आयुष्य वाढते, असे या चाचणीने सिद्ध केलेले नाही. लठ्ठपणा आणि पुढच्या अवस्थेतील रोग यांचा संबंध मात्र बऱ्याच पाहण्यांतून दिसला आहे.

म्हणून गुरुजींना म्हणालो, "वडिलांचा आजार तुमच्या मटणामुळं झाला, असं कुठलंही शास्त्र सांगत नाही. वाढतं वय आणि आनुवंशिकता ही यातली मोठी कारणं आहेत. रश्श्यावरचा तेलाचा तवंग कमी करा, त्यांना झेपेल तेवढं फिरायला न्या, वजन आटोक्यात ठेवा. हृदयासाठी ते चांगलंच. पण पथ्याच्या भरवशावर औषध सोडू नका."

वर्गात हा इतिहास सांगताना मुलांना एक काम द्यावे. सोबत वाढणाऱ्या, पण एकमेकींचे कारण नसलेल्या गोष्टींच्या जोड्या त्यांनी गावातूनच शोधाव्यात. आणि घरी एक निरोपही न्यावा : आजोबांना लघवीला त्रास होत असेल किंवा लघवीतून रक्त जात असेल, तर 'वयच झालंय' म्हणून अंगावर काढू नये; डॉक्टरांना दाखवावे. असा त्रास बहुधा कर्करोगाचा नसतो, पण ते तपासल्यावरच कळते.